कामाच्या ठिकाणची देहबोली : एक पार्श्वभूमी

जळगाव, धुळे, नंदुरबार येथे नोकरीच्या मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्या वर्गांत, हाताची घडी घालणारा उमेदवार बचावाच्या पवित्र्यात असतो आणि नजर चुकवणारा काहीतरी लपवतो, अशी वाक्ये पुष्कळदा नियमासारखी सांगितली जातात. हे नियम आले कोठून, याचा शोध घेतल्यास त्यांच्यामागे दोन वेगळ्या परंपरा एकमेकींत मिसळलेल्या दिसतात.

पहिली परंपरा ठरवून घेतलेल्या खुणांची आहे. शेतमालाच्या जुन्या बाजारांत हत्ता पद्धतीने सौदे होत. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली किंवा उपरण्याखाली हात धरून बोटे दाबत आणि त्यावरून आकडा समजून घेत. एकामागून एक खरेदीदारांनी असे गुपचूप भाव दिले की अडत्या सौदा जाहीर करी. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारीच उभा असे, पण कोणी किती भाव देऊ केला होता हे कळण्याचा मार्ग त्याला नसे. त्याच्या वाट्याला फक्त चेहरे येत, आणि मुरलेला व्यापारी चेहऱ्यावर काही उमटू देत नसे. खान्देशासारख्या कापसाच्या मुलखात ही तक्रार किरकोळ नव्हती. मुंबई इलाख्यात 1927 मध्ये कापूस बाजारांसाठी कायदा झाला, 1928 मध्ये शेतीविषयक शाही आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली, आणि पुढे 1963 च्या राज्य कायद्याखालील बाजार समित्यांत उघड लिलावाची रीत रुजली. बोटांची ती भाषा अचूक होती यात शंका नाही. तिचे अर्थ दोन्ही पक्षांनी आधीच मान्य केलेले होते, आणि तिसऱ्याला ते कळू नयेत हाच तिचा हेतू होता. नाट्यशास्त्रातील एका हाताच्या 24 मुद्रा आणि 36 दृष्टी याही अशाच, शिकून घ्यायच्या खुणा आहेत.

दुसरी परंपरा नकळत प्रकट होणाऱ्या मनाची आहे. वादी-प्रतिवादींचे अंतरंग स्वर, वर्ण, डोळे आणि हालचाली यांवरून ओळखावे, असे मनुस्मृतीचा आठवा अध्याय न्यायनिवाडा करणाऱ्याला सांगतो. चार्ल्स डार्विन याने 1872 च्या ग्रंथात भावदर्शनाची मुळे प्राणिसृष्टीत शोधली. त्याउलट रे बर्डव्हिसल या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाने 1952 पासून हालचालींचा पद्धतशीर अभ्यास मांडताना, कोणत्याही हावभावाला सर्व समाजांत एकच अर्थ नसतो, अशी भूमिका घेतली. एडवर्ड हॉल या दुसऱ्या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाने 1966 मध्ये कामकाजाच्या बोलण्यासाठी 4 ते 12 फुटांचे अंतर नोंदवले. पण त्याची निरीक्षणे प्रामुख्याने अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील मध्यमवर्गीयांची होती. अडत्याच्या पेढीवर एकाच गादीवर मांडीला मांडी लावून हिशेब करणाऱ्यांना ते माप लावणे हास्यास्पद ठरेल.

प्रशिक्षणवर्गांचा सर्वांत लाडका आकडा मात्र अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या 1967 मधील दोन छोट्या प्रयोगांतून आला. शब्दांचा वाटा 7 टक्के, स्वराचा 38 आणि चेहऱ्याचा 55, असे त्यांतून जुळवलेले सूत्र आहे. प्रयोगांत सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवले होते, एकात त्यांच्या जोडीला चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली होती, आणि बोलणाऱ्याची भावना ओळखायची होती. हे सूत्र भावना व आवडनिवड व्यक्त करण्यापुरतेच आहे, असे खुद्द मेहराबियननेही स्पष्ट केले. तरीही ते सर्व संभाषणांना लागू करण्यात आले, आणि त्यातून शब्दांना जवळजवळ किंमतच नसते असा समज पसरला, जो पगाराची बोलणी किंवा कामाची मुदत ठरवताना उघडच टिकत नाही.

नजरेवरून खोटेपणा ओळखण्याच्या दाव्याची स्थिती याहून वाईट आहे. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा माणसे खरे-खोटे सरासरी 54 टक्के वेळाच बरोबर ओळखतात असे आढळले. नाणे उडवूनही 50 टक्के मिळतातच. आपल्याकडे वडीलधाऱ्या साहेबांपुढे डोळे खाली ठेवणे ही अदब मानली जाते, आणि तशी अदब पाळणारा उमेदवार बाहेरगावच्या मुलाखतीत आत्मविश्वास नसलेला ठरतो. म्हणून अलीकडचे जाणकार एका खुणेवरून निदान करण्याऐवजी त्या व्यक्तीच्या नेहमीच्या वागण्यात कोठे बदल झाला ते पाहतात, आणि बदल जाणवल्यास अर्थ लावण्याआधी सरळ विचारतात.