पोटॅशियमचं औषध घ्यायला येताना रिकामी बाटली नको, चिठ्ठी आणि रिपोर्ट आणा

“पोटऱ्यांत गोळे येतात, मागचंच पातळ औषध द्या.” काउंटरवर रिकामी बाटली ठेवून असं म्हणणारं रोज कोणी ना कोणी येतं. आम्ही ताजी चिठ्ठी आणि रक्ताचा रिपोर्ट मागतो. मग विश्रामबागेतून गणपती पेठेपर्यंतचा हेलपाटा वाया गेला म्हणून माणूस नाराज होतो. नाराजी समजते, पण बाटली बघून हे औषध आम्ही देत नाही.

रक्तात पोटॅशियम लिटरला साधारण 3.5 ते 5 मिलीइक्विव्हॅलंट (रिपोर्टवरचं mEq हे माप) लागतं. कमी पडलं तर अशक्तपणा येतो, गोळे येतात. वाढलं तर पुष्कळदा काहीच जाणवत नाही आणि एकदम हृदयाचे ठोके बिघडतात. शिवाय गोळे काही फक्त पोटॅशियमनेच येतात असं नाही.

गेल्या उन्हाळ्यात तासगावकडचे एक गृहस्थ आईसाठी बाटली मागायला आले. जुलाब झाले तेव्हा डॉक्टरांनी पाच दिवसांपुरतं दिलेलं औषध, मागायला आले दोन महिन्यांनी. पिशवीतल्या बाकीच्या गोळ्या बघितल्या, तर टेल्मिसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन. शिवाय बीपीसाठी घरात कमी सोडियमचं मीठ सुरू केलेलं. दोन्ही गोळ्या पोटॅशियम वाढवतात, आणि त्या मिठात पोटॅशियम क्लोराइडच मिसळलेलं असतं. औषध न देता तपासणीला पाठवलं. रिपोर्ट आला 5.9. तेव्हापासून दुकानात हा नियम पक्का झाला.

चिठ्ठीवर औषध घेतलंत तर एक सांभाळा: ते नुसतं पिऊ नका, पोटात जळजळतं. नेहमीच्या पातळ औषधाच्या, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच्या, 15 मिलीत 20 मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. म्हणून घरच्या चमच्याने नाही, मापाच्या टोपणानेच मोजा, पेलाभर पाण्यात मिसळा आणि जेवणानंतर सावकाश प्या. गोळी असेल तर चावू नका, अख्खी गिळा. मुतखड्यासाठी देतात ते सिट्रेटवालं औषध वेगळं. एकाऐवजी दुसरं चालत नाही.

मूत्रपिंड चांगलं असेल आणि पोटॅशियम वाढवणारी गोळी चालू नसेल, तर रोजची गरज जेवणातूनच भागते. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 3500 मिलिग्रॅम लागतं. एका केळ्यात चारशेच्या आसपास मिळतं, आपल्या सांगलीच्या 30 ग्रॅम बेदाण्यात सव्वादोनशे. डाळ, पालेभाजी, शहाळं आहेच. किडनीचा आजार असेल तर मात्र शहाळंसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

रिपोर्टवर ‘हिमोलाइज्ड’ (नमुन्यातल्या रक्तपेशी फुटलेल्या) असा शेरा असेल तर आकडा खोटाच वाढलेला असू शकतो. डॉक्टरांना दाखवून रक्त पुन्हा तपासून घ्या.

येण्याआधी चिठ्ठी, रिपोर्ट आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्यांचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका. शंका वाटली तर डॉक्टरांना फोन आम्हीच करतो, औषध बांधून ठेवतो, मिरजेपर्यंत घरपोचही देतो. तुमच्या सगळ्या गोळ्यांची नोंद असलेलं कार्ड दुकानात मोफत करून मिळेल.