फसलेल्या बॅचचे पान

ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठाच्या प्रयोगशाळांत, फेराइटवर कित्येक वर्षे संशोधन होत आले आहे. फेराइट म्हणजे लोहाच्या ऑक्साइडमध्ये निकेल, झिंक असे धातू मिसळून केलेले चुंबकीय सिरॅमिक. ज्या राज्यात खनिजाच्या बार्जी मांडवी-जुवारीतून मुरगावला जात, तिथे हा विषय परका नव्हता. अगेटच्या खलात भुकटी तासन्‌तास घोटायची, गोळी दाबायची, रात्रभर भट्टीत ठेवायची. सकाळी एक्सआरडीच्या, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणाऱ्या चाचणीच्या, आलेखात नको तो पीक (उंच टोक) उभा दिसला, की बॅच फसली. वहीचे पान उलटायचे आणि नवे मिश्रण तोलायचे.

पदार्थविज्ञानात कृत्रिम बुद्धिमत्ता घेऊन करिअर करू पाहणाऱ्याने त्या उलटलेल्या पानापासून सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते.

गणिताची वाट आधीच तयार होत होती. पदार्थाची मूळ अवस्था इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ठरते, हे 1964 मध्ये होहेनबर्ग आणि कोन यांनी दाखवले. पुढच्याच वर्षी कोन आणि शाम यांनी ते प्रत्यक्ष आकडेमोडीत आणले. 2007 मध्ये बेलर आणि पारिनेल्लो यांनी अशा आकडेमोडीवर न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा संगणकी प्रोग्रॅम, शिकवले आणि अणूंची ऊर्जा कितीतरी झटपट काढता येऊ लागली. 2011 मध्ये ‘मटेरियल्स प्रोजेक्ट’ या ऑनलाइन माहितीसाठ्याने असे हिशेब सर्वांसाठी फुकट खुले केले.

माझ्या लेखी खरा टप्पा 2016 चा. अमेरिकेतल्या हॅवरफर्ड कॉलेजच्या संशोधकांनी जुन्या वह्यांतले फसलेले प्रयोगही यंत्राला शिकवले. व्हॅनेडियम सेलेनाइटचे नवे स्फटिक कोणत्या परिस्थितीत बनतील, याचे त्याचे अंदाज 89 टक्के वेळा खरे ठरले. अनुभवी माणसांच्या अंदाजांपेक्षा जास्त. नुसत्या यशस्वी नोंदींवर शिकलेल्या यंत्राला बॅच कुठे बिघडते हे कळणार तरी कसे?

2023 मध्ये गूगल डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या कंपनीने 22 लाख नव्या स्फटिकरचना जाहीर केल्या, त्यांतल्या सुमारे 3 लाख 80 हजार स्थिर. पण हिशेबात स्थिर ठरलेली रचना भट्टीत उतरेलच असे नाही, आणि त्यातले खरोखर नवे किती, यावर रसायनशास्त्रज्ञांनी रास्त शंका घेतल्या.

या इतिहासात गोव्याचे एक नाव अभिमानाने घ्यावे असे आहे. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी आपल्याला इतिहासकार म्हणून ठाऊक. पण 1943 च्या एका शोधनिबंधात त्यांनी वेड्यावाकड्या वक्रांची मोजक्या मूळ घटकांत फोड करण्याची रीत मांडली. पुढे ती कारहुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने जगभर गेली. शेकडो एक्सआरडी आलेख आज संगणकावर चाळताना हीच कल्पना कामी येते. त्यांचे वडील सांकवाळचे. त्याच गावात, झुआरीनगरला, आता बिट्सचा कॅम्पस आहे. फर्मागुडीला 2016 पासून आयआयटी.

इथे शिकणाऱ्या मुलांच्या हाती लॅपटॉप आहे. जुन्या वह्या मात्र अजून कपाटांत पडून आहेत. पावसाळ्यात ओल धरण्याआधी त्या उघडायला हव्यात, आणि फसलेल्या प्रत्येक बॅचचे तापमान, तास आणि भुकटीचा रंग संगणकात उतरवायला हवा.