शेतातल्या मातीची धूप किती झाली तर चालेल? पाच टनांच्या आकड्यामागची गोष्ट

धूप म्हणजे वारा-पाण्याने शेतातली माती निघून जाणं. ती थांबवायला उतारावर टप्पे पाडणं, ताली (बांध) घालणं हे हजारो वर्षांपासून चालू आहे, त्यात शिरत नाही. मृदसंधारण हे मोठ्या प्रमाणावर सरकारी काम झालं ते अमेरिकेत, १९३० च्या दशकात. तिथल्या मधल्या विशाल मैदानातलं गवत नांगरून टाकलेलं, त्यात दुष्काळ, आणि मे १९३४ मध्ये तिथली धूळ उडून थेट अटलांटिक किनाऱ्यावरच्या शहरांपर्यंत गेली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये मृदसंधारणाचा कायदा आला.

तोवर पावसाच्या धुपीचा सगळा दोष वाहत्या पाण्यावर जायचा. १९४० च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं की सुरुवात थेंबापासूनच होते. उघड्या ढेकळावर थेंब आपटतो, ढेकूळ फुटतं, बारीक कण छिद्रांत जाऊन बसतात, वर पापडी धरते आणि मग पाणी मुरायचं सोडून माती घेऊन सुटतं. म्हणजे बांध हवेतच, पण त्याआधी जमीन झाकलेली हवी, धसकटं रानात तशीच राहायला हवीत. १९६० नंतर तणनाशकं हाताशी आली, तणासाठी नांगरायची गरज उरली नाही, तशी विनानांगरणी शेती पसरू लागली.

पण खरा घोळ आहे तो ‘सहन होण्याजोग्या धुपीचा’. १९६० च्या आसपास पाऊस, उतार, मातीचा प्रकार, पीक वगैरे घालून धूप मोजायचं सूत्र बसलं आणि साहजिकच प्रश्न आला की किती धूप चालेल? उत्तर ठरलं, जमिनीप्रमाणे कमी-जास्त, पण एकरी वर्षाला जास्तीत जास्त ५ टन. हेक्टरी साधारण ११ टन, म्हणजे जवळपास १ मिलिमीटर थर, म्हणजे तीसेक वर्षांत एक इंच गेला! याचा एक आधार असा की मशागतीखालच्या शेतात तेवढ्याच काळात एक इंच नवी माती तयार होते. आता हे कसं, तर नांगर खालचा थर वर आणतो, त्यात खत-पालापाचोळा मिसळतो आणि ती सुपीक माती म्हणून धरली जाते. खडक झिजून माती होण्याचा वेग याच्या कितीतरी कमी आहे, कित्येक ठिकाणी दहाव्या भागाहूनही कमी. म्हणजे खालची शिल्लक उपसून वरची भर दाखवली, आणि हे मला पटत नाही. आकडा ठरवणाऱ्यांची बाजूही खरी होती, शेतकऱ्याला पेलवेल असंच लक्ष्य द्यायला हवं होतं. पण परवडणारी धूप आणि भरून निघणारी धूप या दोन वेगळ्या गोष्टी, त्या एकाच आकड्यात कोंबल्या गेल्या.

पुढे १९८५ च्या अमेरिकी शेती कायद्यात अनुदान धूप-नियंत्रणाशी जोडलं गेलं. तिथे जमीन ‘अतिधुपीची’ ठरवताना संभाव्य धुपीला याच सहनमर्यादेने भागतात आणि उत्तर ८ किंवा जास्त आलं तरच ती त्या यादीत बसते, म्हणजे मर्यादा जितकी सैल तितक्या जास्त जमिनी नियमातून सुटतात. २००० नंतर जगभरातली मोजमापं एकत्र करून पाहिली तेव्हा नांगरटीच्या शेतातली धूप माती बनण्याच्या वेगाच्या दहा ते शंभर पट निघाली, विनानांगरणीच्या शेतात ती बरीच त्या वेगाच्या जवळ आली. तरी ५ टनांची वरची मर्यादा आहे तिथेच आहे.