काटा कोण ढकलतं? मोबाइलवरच्या गेज चार्टची पार्श्वभूमी

फोंड्यातल्या आमच्या सोसायटीसाठी मी एक लहानसं अ‍ॅप केलं आहे. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती, एवढंच ते गेज चार्टने दाखवतं: अर्धवट गोल कमान, मध्ये काटा, खाली टक्के. मे महिन्यात एकदा सकाळी सहाला तळमजल्यावरच्या काकींचा फोन आला. "अरे, तुझा काटा बहात्तरावर आणि माझ्या नळाला थेंब नाही!" मी अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडलं. काटा शून्यावरून ऐटीत चढला आणि 72 वर थांबला. टाकी कोरडी ठणठणीत होती. रात्री कधीतरी सेन्सरचा अडॅप्टर जळला होता.

जुन्या पितळी काट्याने असं फसवलं नसतं. तो काटा दुसऱ्याच घराण्यातला.

1849 साली फ्रान्समध्ये युजेन बूर्दों यांनी दाबमापकाचं पेटंट घेतलं. चपटी, पोकळ, कमानीसारखी वाकवलेली धातूची नळी, एवढंच त्यातलं मर्म. आत वाफ शिरली की नळी सरळ व्हायला बघते, जत्रेत मिळणारी कागदी पिपाणी फुंकल्यावर उलगडते तशी. नळीचं टोक केसभर सरकतं, दातेरी चाक ते सरकणं मोठं करतं आणि काटा फिरतो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवरची तबकडी आजही याच जातीची असते. तिथे काट्याला हवाच ढकलते. हवा गेली की काटा खाली येतो.

वेगाच्या काट्याची गोष्टही तशीच. 1902 मध्ये स्ट्रासबुर्गच्या ओटो शुल्झे यांनी पेटंट घेतलेल्या स्पीडोमीटरमध्ये चाकाकडून आलेली केबल एक लोहचुंबक फिरवते, चुंबक शेजारच्या धातूच्या वाटीला स्पर्श न करता ओढतो आणि बारीक स्प्रिंग वाटीला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे स्थिरावतो तो वेग. आमच्याकडच्या पायलटांच्या, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्यांच्या, जुन्या गाड्यांवर केबल तुटलेला मीटर हमखास दिसायचा. काटा शून्यावर आडवा, गाडी मात्र पणजीच्या पुलावर सुसाट. मीटर मेला आहे हे मागे बसलेल्यालाही कळायचं.

1882 च्या सुमाराला द'आर्सोनव्हाल यांच्या फिरत्या वेटोळ्याच्या गॅल्व्हानोमीटरपासून, म्हणजे विद्युतप्रवाह दाखवणाऱ्या उपकरणापासून, काटा आणि मोजायची वस्तू यांच्यात तारेइतकं अंतर पडू शकलं. तरी ढकलणारा विद्युतप्रवाह खराच होता. (असे काटे ज्यावर मांडतात त्या डॅशबोर्डच्या नावाचं मूळ त्याहून जुनं. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून बग्गीच्या पुढे लावलेली ती फळी. चिखल थांबला, शब्द राहिला.)

नातं तुटलं ते पडद्यावर. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशन विमान उभं आहे, चार इंजिनांचं. त्या पिढीच्या कॉकपिटात गोल तबकड्यांचं रान असे, एकेक माप चार-चार वेळा. 1982 मध्ये सेवेत आलेल्या बोइंग 767 मध्ये त्यातल्या बऱ्याच तबकड्या चित्रनळीच्या पडद्यावर गेल्या. आता काटा हे चित्र होतं. त्याला कोणी ढकलत नव्हतं. संगणक आकडा वाचून तो काढत होता.

आकडा आणि वस्तू यांत फट पडली तर काय होतं, याचा सगळ्यात महागडा धडा त्याआधीच मिळाला होता, तोही काट्याकडून नव्हे, साध्या दिव्याकडून. 28 मार्च 1979 रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र व्हॉल्व्हची स्थिती सांगत नव्हता, त्याला बंद व्हायचा हुकूम गेला एवढंच सांगत होता. दिवा विझला, माणसांनी व्हॉल्व्ह बंद झाला असं धरलं, आणि अणुभट्टी थंड ठेवणारं पाणी दोन तासांहून अधिक काळ बाहेर जात राहिलं.

योगायोग असा की त्याच 1979 साली झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात त्रिग्वे रीन्सकाउग यांनी प्रोग्रामची मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर ही विभागणी मांडली. माहिती एका जागी, म्हणजे मॉडेलमध्ये, तिचं चित्र दुसऱ्या जागी, म्हणजे व्ह्यूमध्ये. माहिती बदलली की चित्राला कळवायचं. अँड्रॉइडवर 2017 मध्ये आलेला लाइव्हडेटा, माहिती बदलली की पडद्याला कळवणारा तयार कोड, त्याच वंशातला. मांडणी सुरेख आहे, पण ती बदल कळवते. बदल येणंच बंद झालं तर व्ह्यू बिचारा शेवटचा आकडा मिरवत बसतो.

रूपाची गोष्ट झटपट सांगतो. 2007 नंतरच्या पहिल्या अ‍ॅपांत काचेची चकाकी, स्क्रू, सावल्या, सगळा पितळी थाट होता. 2013 च्या आयओएस 7 ने, म्हणजे आयफोनच्या नव्या प्रणालीने, तो पुसला. पुष्कळ ठिकाणी काटाही गेला आणि नुसती रंगीत कमान उरली. जाणकारांना गेज फारसा आवडत नाही, त्यालाही आधार आहे. क्लीव्हलंड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी 1984 मध्ये दाखवलं की एका सरळ पट्टीवरची जागा डोळा अचूक वाचतो, कोन वाचताना चुकतो. आलेखांचे जाणकार स्टीफन फ्यू यांनी गेजच्या जागी बुलेट ग्राफ नावाची आडवी पट्टी सुचवली ती याच विचारातून. माझं मत थोडं वेगळं आहे. काकींना 72 आणि 75 यांतला फरक नको असतो, आंघोळ करावी की थांबावं एवढंच हवं असतं. तळ आणि काठ ठरलेल्या गोष्टीला गेज शोभतो. पावसाच्या बेरजेला नाही: गोव्यात आपण इंच मोजत बसतो, पण तो आकडा हंगामभर चढतच जातो, त्याला काठ कुठला? साळावली धरण 41.15 मीटरला भरून वाहतं, म्हणून तिथे गेज लावायचा मोह होतो. पण धरण वर रुंद आणि खाली अरुंद. पातळी निम्मी म्हणजे पाणी निम्मं नव्हे, निम्म्याहून पुष्कळ कमी. काट्याला पातळी द्यायची की साठा, हे आधी ठरवावं लागतं.

काटा काढणं त्या मानाने सोपं. अँड्रॉइडच्या कॅनव्हासवर, म्हणजे चित्र काढायच्या पाटीवर, शून्य अंश घड्याळातल्या तीनवर असतो आणि कोन घड्याळाच्या दिशेने वाढतो. म्हणून कमान 135 पासून सुरू करून 270 अंश फिरवायची. 72 टक्क्यांना काटा 194.4 अंश पुढे. त्रास झाला तो वेगळाच. पंप सुरू असताना टाकीत लाटा उठतात, वरून आवाजाच्या लहरी सोडून पातळी मोजणारा सेन्सर गोंधळतो आणि काटा नाचू लागतो. पंपाजवळच्या दाबमापकात ग्लिसरीन भरतात ते हेच नाचणं थांबवायला. मी शेवटच्या पाच नोंदींची सरासरी भरली. ग्लिसरीनच ते.

आता त्या 72 चं कोडं. सेन्सर आणि फोन यांच्यामध्ये एमक्यूटीटी आहे, उपकरणांचे निरोप सर्व्हरमार्फत पोचवायचा एक ठरलेला रिवाज. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लन निपर यांनी 1999 मध्ये तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत नजर ठेवण्यासाठी तो घडवला. म्हणजे बूर्दोंच्याच दुनियेतली गरज. त्यात शेवटचा निरोप सर्व्हरपाशी राखून ठेवायची सोय आहे. नवा फोन जोडला गेला की तो निरोप लगेच हातात पडतो, अ‍ॅप उघडताच काटा रिकामा दिसत नाही. मी ती सोय हौसेने चालू केली होती. रात्री मेलेल्या सेन्सरचा निरोप सकाळी ताजा म्हणून काकींना मिळाला तो असा.

इलाजही तिथेच आहे. उपकरण जोडलं जातानाच मृत्युपत्र करून ठेवतं: मी न सांगता गेलो तर हा निरोप सगळ्यांना द्या. ते मी लिहिलं, आणि प्रत्येक आकड्यासोबत मोजल्याची वेळही पाठवू लागलो. निरोप जुना झाला की काटा करडा होतो आणि खाली 'शेवटची नोंद 11:40' असं दिसतं. सेन्सर दर पाच मिनिटांनी बोलतो, म्हणून आधी सहा मिनिटांवर करडा केला. जूनमध्ये वीज सारखी येत-जात राहिली, काटा दिवसभर करडाच, आणि चार दिवसांत लोकांनी त्याच्याकडे बघणं सोडलं. सध्या सोळा मिनिटं ठेवली आहेत, म्हणजे तीन नोंदी चुकल्यावर. काकी म्हणतात वीस कर.