पाव किलोचा बॉक्स खपला, पण अर्ध्या किलोचं काय?

बेळगावात आमचं मिठाईचं दुकान आहे. मागच्या गणपतीत कुंद्याचा पाव किलोचा बॉक्स काढला आणि तो इतका खपला की घरातले सगळे खूश, पण रात्री वही उघडली तर अर्ध्या किलोचे बॉक्स तसेच पडून. पाव किलोला १५ रुपये सुटतात, अर्ध्याला ४०. शंभर छोटे गेले म्हणजे १५०० सुटले, पण त्यातले ३० जण नेहमी अर्धा नेणारे निघाले तर १२०० गेले की हो, हातात राहिले ३००!

आपलाच नवा माल आपल्याच जुन्या मालाचं गिऱ्हाईक खातो, हा प्रश्न जुना आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या जनरल मोटर्सचा प्रमुख आल्फ्रेड स्लोन यानं कंपनीच्या गाड्यांची शेव्हरोले ते कॅडिलॅक अशी किमतीची शिडी लावली, ती आपलीच गाडी आपल्याच गाडीच्या अंगावर येऊ नये म्हणून. १९३१ साली प्रॉक्टर अँड गॅम्बलमधे नील मॅकेलरॉय कॅमे साबण सांभाळायचा, तो कंपनीच्याच आयव्हरी साबणाच्या सावलीत दबत होता, म्हणून प्रत्येक ब्रँडला वेगळा माणूस हवा असं त्यानं लिहून दिलं. मोजायचं कसं, ते घरोघरी लोक काय काय घेतलं ते लिहून ठेवत त्या खरेदीच्या डायऱ्यांमुळं जमायला लागलं. १९६८ साली पारफिट आणि कॉलिन्स या अभ्यासकांनी त्यावरूनच नव्या मालाचा वाटा काढायची रीत मांडली: किती घरांनी एकदा घेतलं, त्यातली किती परत घेतात, आणि घेताना किती घेतात. त्याच डायरीत त्या घरात आधी काय यायचं तेही दिसतं, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडं धुण्याच्या पावडरीत हिंदुस्थान लिव्हरचं सर्फ १९५९ पासून, करसनभाई पटेलांची निरमा १९६९ पासून. निरमा घराघरात गेल्यावर हिंदुस्थान लिव्हरनं १९८०च्या दशकात स्वस्तातली व्हील आणली. आता व्हीलनं सर्फचं थोडं गिऱ्हाईक खाल्लं असेल तरी ते नुकसान धरायचं का? ते गिऱ्हाईक तसंही निरमाकडं चाललेलं असेल तर नाही. म्हणजे वजाबाकी जुन्या खपातून करायची नाही, नवा माल आणला नसता तर जे हातात राहिलं असतं त्यातून करायची.

म्हणून आता काउंटरवर पाव किलो मागणाऱ्याला आमचा पोरगा विचारतो, "काका, हा बॉक्स नसता तर अर्धा नेला असता काय?" आणि वहीत रेघ मारतो. आतापर्यंत बरेच जण म्हणालेत, "नाही ओ, काहीच नेलं नसतं."