पुण्यातील परवानाधारकाच्या वाट्याला बत्तीस बोअरच का येतो?

स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवाना मिळालेला पुणेकर जेव्हा कपड्यांखाली सहज राहील असे लहान पिस्तूल शोधू लागतो, तेव्हा त्या निवडीचा बराचसा भाग कित्येक दशकांपूर्वीच ठरून गेलेला असतो. परदेशी नियतकालिकांत नऊ मिलिमीटरच्या छोट्या पिस्तुलांच्या ज्या तुलना छापून येतात, त्यांचा त्याला काडीचाही उपयोग नसतो, कारण लष्कर आणि पोलीस वापरतात ती नऊ मिलिमीटरची काडतुसे ज्यात बसतात असे पिस्तूल भारतात ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) मोडते. सामान्य नागरिकापुढे प्रामुख्याने उरतो तो .३२ इंचाचा, म्हणजे बोलीतला ‘बत्तीस बोअर’.

गंमत अशी की हा बोअर एके काळी अत्याधुनिक मानला जात असे. अंगावर लपवण्याजोगे शस्त्र त्याआधीही होते. लिंकन यांच्यावर १८६५ मध्ये झाडलेले डेरिंजर पिस्तूल मुठीत मावण्याइतके लहान होते, पण त्यातून एकच गोळी सुटत असे. अमेरिकी रचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी बेल्जियममधील एफएन कारखान्यासाठी जे चपटे स्वयंभरणी (पुढची गोळी आपोआप भरणारे) पिस्तूल तयार केले, त्याच्यासोबत १८९९ मध्ये ७.६५ मिलिमीटरचे, म्हणजेच बत्तीस बोअरचे नवे काडतूस आले. रिव्हॉल्व्हरच्या फुगीर चक्राची जागा मुठीत बसणाऱ्या मॅगझिनने (गोळ्यांच्या चपट्या पेटीने) घेतल्यामुळे शस्त्राची जाडी एकदम कमी झाली आणि ते कोटाच्या खिशात उठून दिसेनासे झाले. १९०३ च्या कोल्ट पिस्तुलात ब्राउनिंग यांनी गोळी उडवण्यासाठी आपटणारा हातोडाच आत झाकून टाकला, म्हणजे बाहेर काढताना तो कापडात अडकू नये. लहान पिस्तुलाची पारख करताना आजही जे प्रश्न विचारले जातात (जाडी किती, काय अडकेल, आत किती गोळ्या मावतील), ते त्याच काळातले आहेत.

महाराष्ट्राच्या इतिहासात ब्राउनिंगचे नाव आले ते वेगळ्याच वाटेने. सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन यांच्या पेटीतून हिंदुस्थानात पाठवली आणि त्यांपैकी एकाने अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा वध केला. त्याआधी बारा वर्षे, २२ जून १८९७ च्या रात्री, चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर पिस्तुले झाडली होती. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याविना शस्त्र बाळगण्याची बंदी केली होती आणि युरोपियनांना त्यातून मोकळे ठेवले होते. लपवलेल्या पिस्तुलाकडे सरकारने नेहमी संशयाने पाहिले, त्याची मुळे या काळात आहेत.

बोअरवरील बंधनही तिथूनच आले. सैन्याच्या शस्त्रात चालेल असे काडतूस प्रजेच्या हाती नको, हे इंग्रजांचे धोरण होते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी हिंदुस्थानात .४५० बोअरच्या रायफलींवर बंदी घातली, तेव्हा इंग्लंडमधील बंदूकवाल्यांनी शिकाऱ्यांसाठी .४७० सारखे नवे बोअर काढले. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा शस्त्र कायदा केला, वंशभेद काढून टाकला, पण हे सूत्र मात्र उचलले. १९६२ च्या नियमांत .३८०, .४५५ आणि सैन्याची नऊ मिलिमीटरची काडतुसे ज्यात बसतात ती पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित यादीत गेली. बत्तीस बोअर सुटला, तो चांगला म्हणून नव्हे, तर लष्कराला नको होता म्हणून.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर खासगी आयात बंद झाली आणि निवड आणखी आवळली. जुनी वॉल्थर पीपीके किंवा वेब्ली हातोहात लाखांच्या घरात विकली जाऊ लागली. सरकारी कारखान्यांनी ही पोकळी बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर आणि ‘अशनी’ पिस्तूल यांनी भरली. २०१४ मध्ये कानपूरहून ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर आले, वजन सुमारे ५०० ग्रॅम आणि तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या आसपास. येथे एक घोटाळा टाळायला हवा. रिव्हॉल्व्हरचे बत्तीस आणि पिस्तुलाचे बत्तीस ही दोन भिन्न काडतुसे आहेत आणि एकाच्या जागी दुसरे वापरायचे नसते. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ हा ठसा दिसला, तर ती आपल्या खडकीची, १८६९ पासून चालत आलेल्या दारूगोळा कारखान्यातली असतात. पाषाणच्या संरक्षण संशोधन संस्थेने लष्कराच्या महू येथील इन्फन्ट्री स्कूलबरोबर ‘अस्मी’ हे मशीन पिस्तूल घडवले, पण ते नऊ मिलिमीटरचे, म्हणून शेजारच्या बाणेरकरालाही ते मिळणार नाही.

अमेरिकेत याच काळात उलटे घडत होते. फ्लोरिडाने १९८७ मध्ये लपवून शस्त्र बाळगण्याचे परवाने सुलभ केले, इतर राज्ये मागोमाग आली. १९९४ च्या कायद्याने नव्या मॅगझिनवर दहा गोळ्यांची मर्यादा आणल्यावर मोठ्या पिस्तुलाचा फायदाच उरला नाही आणि १९९५ च्या ग्लॉक २६ सारखी आखूड पिस्तुले बाजारात आली. २०१८ च्या सिग पी३६५ ने अगदी सडपातळ आकारात दहा गोळ्या बसवल्या.

आपल्याकडे लपवून बाळगण्याचा वेगळा परवाना नाही. पुणे शहरात पोलीस आयुक्त जो परवाना देतात, त्यावरच ते अवलंबून असते. २०१६ च्या शस्त्र नियमांनी अर्जदाराला सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण सक्तीचे केले आणि सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असावे असे सांगितले. लग्नाच्या वरातीत ते मिरवायलाही मनाई केली. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाची शस्त्रे तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली. निवडणुका लागल्या की त्यांतलीही बरीच शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा होतात.