कबोंबा की अँबुलिया? विकत घेण्याआधी पेर बघा

अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात पाण्याच्या ट्रेमध्ये पिसासारख्या बारीक पानांच्या हिरव्यागार जुड्या ठेवलेल्या असतात. म्हापसा असो वा मडगाव, नाव विचारलं की बहुतेकदा उत्तर मिळतं, ‘कबोंबा’. त्यातल्या काही खरोखर कबोंबा असतात, काही अँबुलिया, म्हणजे लिम्नोफिला. दुरून दोन्ही एकच वाटतात. पण साध्या दिव्याच्या टाकीत अँबुलिया तग धरते आणि कबोंबा थोड्याच दिवसांत खालून पानं गाळत नुसत्या काड्या होऊन बसते. म्हणून पैसे देण्याआधी ओळख पटवावी. तिला अर्धा मिनिटही लागत नाही.

जुडीतली एक काडी उजेडात धरा आणि पेर, म्हणजे खोडावरची पानं फुटायची गाठ, बघा. कबोंबाच्या पेरावर दोनच पानं असतात, समोरासमोर. प्रत्येकाला स्वतःचा देठ असतो आणि देठाच्या टोकापासून पान पंख्यासारखं उलगडत, फाटे फुटत जातं. अँबुलियाच्या पेरावर सहा, आठ, कधी त्याहून जास्त पानं खोडाभोवती कडं करून बसलेली असतात. त्यांना देठ जवळजवळ नसतोच, आणि पान मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना चिरलेलं असतं. लालसर कबोंबा, म्हणजे कबोंबा फरकाटा, पेरावर तीन पानं धरते. तिथे देठ बघून ठरवावं. काडी हाताला खरखरीत लागली आणि मुळांचा पत्ताच नसला तर ते हॉर्नवर्ट, तिसरीच पाणवनस्पती. त्याचा या दोघींशी संबंध नाही.

दिसायला एवढ्या जवळच्या असूनही यांचं नातं फार लांबचं आहे. कबोंबा वॉटर लिलीच्या गोतावळ्यातली. घरोघरी दिसणारी कबोंबा कॅरोलिनियाना दक्षिण अमेरिकेतून आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आग्नेय भागातून आलेली. ती जन्मभर पाण्याखाली राहते. फुलायच्या वेळी तेवढी काही लहान पानं पृष्ठभागावर आणते. अँबुलिया आशियातली. कोकण-गोव्यातल्या भाताच्या मळ्यांत आणि पावसाळी डबक्यांत तिच्या देशी बहिणी उगवतात. पाणी चढलं की पाण्याखालची आणि ओसरलं की हवेतली, अशा दोन्ही तऱ्हांनी जगायची त्यांना सवय आहे.

या सवयीमुळेच सर्वांत जास्त गैरसमज होतो. अँबुलियाची पाण्याबाहेरची पानं रुंद, कडेला दातेरी असतात आणि पाण्याखालची रेशमासारखी बारीक. नर्सरीत ती पुष्कळदा पाण्याबाहेर वाढवतात. अशी काडी टाकीत लावली की जुनी पानं मऊ पडून कुजतात, आणि लोक ‘मेली’ म्हणून उपटून टाकतात. तसं करू नका. कुजलेली पानं काढा, शेंड्यावर लक्ष ठेवा. बारीक नवी पानं फुटताना दिसली की ती रुळली. कबोंबाचं उलट आहे. तिला असा वेश बदलायचा नसतो. नव्या पाण्यात गेल्यावर चार पानं गळाली तर ठीक, पण गळती चालूच राहिली तर उजेड किंवा पाणी तिला मानवलेलं नाही असं समजावं. लक्षण एकच, अर्थ मात्र वेगळे.

पाण्याच्या बाबतीत गोवेकरांचं नशीब चांगलं आहे. जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी बहुतेक ठिकाणी मृदू आणि किंचित आम्लधर्मी असतं, आणि कबोंबाला नेमकं तेच हवं असतं. खाजनाजवळची, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीजवळची, उन्हाळ्यात मचूळ होणारी विहीर तेवढी टाळा. नळाचं पाणी असेल तर आधी त्यातलं क्लोरीन घालवा. पण हे चांगलं पाणी आपण हाताने बिघडवतो. किनाऱ्यावरून आणलेली वाळू, शिंपले, पोवळ्याचे तुकडे टाकीत छान दिसतात, म्हणून घातले जातात. त्यातला चुना हळूहळू विरघळतो, पाणी जड होतं, पीएच (आम्लतेचं माप; वर गेला की आम्लता कमी) वर चढतो. तो आठच्या वर गेला की कबोंबाची वाढ खुंटते आणि पानं झडतात. अँबुलिया हे बऱ्यापैकी सोसते. शिंपले शोकेसमध्ये ठेवा, गोड्या पाण्यात नकोत.

उष्म्याचंही तसंच. कबोंबा कॅरोलिनियानाला साधारण १३ ते २७ अंश मानवतात. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे टाकीचं पाणी सहज ३० वर जातं. पाण्यावर पंखा सोडला की बाष्पीभवनाने थोडा गारवा मिळतो, पण आपल्या दमट हवेत तो कोरड्या गावांइतका मिळत नाही. म्हणून पहिल्या टाकीसाठी मी अँबुलियाच सुचवेन. कबोंबा फार देखणी आहे, पण भरपूर उजेड देणारा दिवा आणि संथ प्रवाहाचा फिल्टर असेल तरच तिला घरी आणावी. उजेड कमी पडला तर दोघींचीही पेरांमधली कांडी लांबतात. अँबुलिया तशीही जगते, कबोंबा जगत नाही. आणि उजेड वाढवायचा म्हणून टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नका. या बारीक पानांत शेवाळ अडकलं की ते निघत नाही.

लावणी दोघींची सारखीच. जुडीला बांधलेलं रबर आणि शिशाची पट्टी काढा, खालच्या दोन पेरांवरची पानं खुडा, काड्या सुट्या करून बोटभर अंतराने रोवा. कबोंबाची काडी पटकन मोडते, चिमटा हळू धरा.

छाटलेले शेंडे व्हाळात, तळ्यात किंवा मळ्याच्या पाटात टाकू नका. २०२० साली केरळात, कोझिकोड जिल्ह्यातल्या आवळा पांडी भागातलं पाणी फरकाटाच्या गुलाबी फुलांनी भरून गेलं आणि ते बघायला गर्दी लोटली. पण ती टाक्यांतून सुटलेली परकी वनस्पती होती, आणि कबोंबाच्या एका पेराचा तुकडाही नवं रोप व्हायला पुरतो. अँबुलिया आपल्याकडची म्हणून तिला मोकळीक देऊ नये. दुकानात मिळणारी अँबुलियाची जात, लिम्नोफिला सेसिलिफ्लोरा, अमेरिकेत घातक तणांच्या सरकारी यादीत आहे. दोघींचेही तुकडे उन्हात कडकडीत वाळवा, मग खुशाल माडाच्या आळ्यात घाला.